रकाना चौदा : प्रतिकाराचा प्रकार

माझी आत्या बकुळा मर्चंडे पोलिसात हवालदार आहे आणि तिने आजपर्यंत एकाही माणसाला मारलेलं नाही. हे ती स्वतः सांगते तेव्हा अभिमान कमी, वैताग जास्त असतो. "मारायला वेळ कुठे मिळाला गं? लिहिण्यातच जन्म गेला."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं ती ठाण्याच्या दर्शनी टेबलामागे बसून डायरी लिहितेय. डायरी म्हणजे दिवसभरात ठाण्यात जे जे घडलं त्याची वेळ टाकून केलेली नोंद. कोण आलं, कोणाला आणलं, कोणाचा मोबाइल गेला, कोणती गाडी कुठे निघाली. ठाणं कोणतं ते मी सांगणार नाही. 'परळच्या आसपास' एवढंच लिही, असं आत्याने बजावलंय, आणि त्याच्या पुढे एक अक्षर गेलीस तर तंगडं मोडीन, असंही. म्हणजे एकालाही न मारण्याचा तिचा रेकॉर्ड माझ्यावर मोडणार.

आत्या बोलते कमी. समोरचा माणूस रडत असो, ओरडत असो, दारू पिऊन राज्यघटना समजावून सांगत असो, आत्या पेन टेकवून म्हणते, "हं, पुढे." घरीही तेच. वरळीच्या आमच्या खोलीत बाबा गावच्या भावकीचं रडगाणं लावतात तेव्हा आत्या भाजी निवडता निवडता, "हं, पुढे." बाबा चिडतात. "अक्का, मी तक्रार नोंदवायला आलोय का?" आत्या : "नाही, पण वेळ टाकून सांग. गेल्या वेळी तू म्हणालेलास भांडण मे महिन्यात झालं."

तिचा एकच नियम आहे : आधी लिहायचं, मग विचार करायचा. विचार करून लिहिलं की कागदावर विचार उतरतो आणि घडलेलं बाजूला राहतं, असं तिचं म्हणणं. या नियमापायी तिने किती साहेबांना घाम फोडला असेल ते त्या साहेबांनाच माहीत. पण गेल्या दसऱ्यापासून जे सुरू झालं, त्याने आत्यालाही घाम फुटला.

गेल्या उन्हाळ्यात काही ठाण्यांना प्रयोग म्हणून वरून पेट्या आल्या. पेटीत पिवळ्या रंगाचं पिस्तूल. गोळी नाही. तोंडाला एक चपटी डबी लावायची; घोडा दाबला की डबीतून दोन तारा सुटतात, माणसाला जाऊन चिकटतात आणि पाच सेकंद असा झटका बसतो की दारासिंगसुद्धा ओंडक्यासारखा आडवा. कागदावर त्याचं नाव 'अप्राणघातक विद्युत साधन'. ठाण्यात पहिल्या चहालाच त्याचं बारसं झालं : करंट. "ए, करंट चार्जिंगला लाव." "करंट कपाटात गेला का?"

या करंटची एक खोड आहे. त्याला सगळं लक्षात राहतं. घोडा किती वाजता दाबला, किती सेकंद दाबून धरला, सगळं आत साठतं. महिन्याअखेर वायर लावली की कॉम्प्युटरवर यादी निघते, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी ठाण्याने मुख्यालयाला एक फॉर्म भरून द्यायचा. पहिली यादी बघून आत्या म्हणाली होती, "चला, एकोणीस वर्षांनी ठाण्यात माझ्यासारखं लिहिणारं कोणीतरी आलं."

फॉर्म एकतीस रकान्यांचा. झटका बसलेल्याचं नाव, वय, अंगावर कुठे लागला, किती अंतरावरून, डॉक्टरांना दाखवलं का, वापरणाऱ्याचं म्हणणं, वापरणाऱ्याची सही. त्यातला चौदावा : 'प्रतिकाराचा प्रकार'. तिथे टिचकी मारली की खाली चार पर्याय उघडतात. पळ काढणे. अंगावर धावून येणे. हत्यार उगारणे. स्वतःला इजा करण्याची धमकी देणे. चारातला एक निवडायचाच. नाहीतर खालचे सतरा रकाने उघडत नाहीत.

रोज सकाळी करंट चालतो का बघायला एक सेकंदाची चाचणी असते, तिचा वेगळा छोटा फॉर्म. तो आत्याला पाठ. मोठा फॉर्म पाच महिन्यांत तिने एकदाच भरला होता, चॉपर घेऊन नाचणाऱ्या एका इसमासाठी. तीन तास लागले. त्या इसमाला लॉकअपमध्ये झोप लागली, पण आत्याचा सव्विसावा रकाना संपेना.

मग दसरा आला.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर रायफली, पिस्तुलं, लाठ्या, हळदकुंकू, झेंडू. आणि दर दसऱ्याला हेही ठरलेलं की सगळे पूजेला आणि आत्या टेबलाला. "मर्चंडेबाई आहेत ना, त्या कुठे हळदकुंकू लावणार!" आत्याला त्याचं वाईट वाटत नाही. आमचा तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. तिची पांढरी साडी घरी इस्त्री होऊन पडलेली असते, दोनला ड्युटी संपली की आम्ही सगळे विहारात जातो. तोवर ती डायरी सांभाळते आणि उघड्या दारातून पूजा बघते. म्हणूनच त्या दिवशी काय झालं ते नीट बघितलेलं अख्ख्या ठाण्यात एकच माणूस आहे. बाकीचे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. निदान नंतर ते तसं म्हणाले.

पूजेआधी शस्त्रं रिकामी करायची असतात. शिवा म्हणून शस्त्रांच्या खोलीतला शिपाई आहे, त्याने पिस्तुलांच्या मॅगझिन काढल्या. करंटची पुढची डबीही काढली. मग विचारलं, "साहेब, बॅटरी पण काढू?"

साहेब म्हणजे यतीन विजयकर, पोलीस उपनिरीक्षक, वय अठ्ठावीस. गिरगावातलं जुनं घराणं, आजोबा सॉलिसिटर. त्यांचं मराठी आमच्या मराठीच्या बाईंपेक्षा शुद्ध असतं आणि मधेच इंग्रजी असं येतं, जसं भाताच्या घासात काजू. ते म्हणाले, "अरे, बॅटरी काढलीस तर ते खेळणं झालं. मेलेल्या शस्त्राची कधी पूजा करतात का? डबी काढलीस ना? इट्स एम्प्टी."

सगळ्यांना ते पटलं. पिस्तुलातून मॅगझिन काढली की पिस्तूल रिकामं, हे पोलिसांच्या हाताला इतकं पाठ असतं की डोक्याला कोणी विचारतच नाही. करंटचं मात्र उलटं आहे. डबी काढली तर तारा सुटत नाहीत एवढंच. नुसतं तोंड टेकवून घोडा दाबला तरी झटका बसतो. हे पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे. ते पान आत्याने वाचलं होतं, पण आत्याला पूजेला कोणी बोलावलं नव्हतं.

दहा बावन्नला विजयकर साहेबांनी ग्रुपवर टाकायच्या व्हिडिओसाठी करंट वर धरून घोडा दाबला. चट्चट्चट्, निळी ठिणगी, टाळ्या. आत्याने लिहिलं : १०.५२, पूजेच्या ठिकाणी साधन हवेत चालवले.

अकरा चारला भिवा आला. भिवा ठाण्याच्या फाटकाबाहेर फुटपाथवर झेंडू विकतो, बायको सुनंदासोबत. बावीस वर्षं. ठाण्यात कुठलीही पूजा, निवृत्ती, बदली असो, हार भिवाचा. मोठ्या शस्त्रांना त्याने माळा घातल्या, आणि करंटसाठी छोटी वीतभर माळ वेगळी करून आणली होती. करंट अजून साहेबांच्या हातात होता. भिवा माळ घेऊन पुढे वाकला.

"ये भिवा, आधी आशीर्वाद घे," साहेब म्हणाले आणि करंटचं तोंड त्याच्या खांद्याला टेकवून त्यांनी घोडा दाबला.

पाच सेकंदांनी थांबायला हवं होतं. थांबलं नाही. घाबरलेल्या माणसाचं बोट सुटत नाही, आवळतं. भिवा थरथरत होता, ते बघून साहेबही थरथरत होते, आणि बोट घोड्यावर तसंच. नऊ सेकंद. भिवा टेबलाच्या कडेवर उजव्या हातावर पडला.

त्या दिवशी आत्याने आपला नियम मोडला. आधी उठली. भिवाला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं, मग लिहिलं. अकरा चारची घटना, नोंद अकरा आठला. त्या चार मिनिटांसाठी ती अजून स्वतःवर चिडलेली आहे.

"माका काय झाला नाय," भिवा म्हणत होता. मनगट तोवर केळ्यासारखं सुजलं होतं. शिवा त्याला स्कूटरवर इस्पितळात घेऊन गेला आणि तिथे दोघांनी सांगितलं, पाय घसरला. प्लास्टर घातलं. फुलं ओवायचा हात.

महिनाअखेरीस यादी निघाली. १०.५२, पाच सेकंद. ११.०४, नऊ सेकंद. विजयकर साहेब आत्याच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. साहेब लोक आत्याच्या टेबलाशी बसत नाहीत, तेव्हाच तिने ओळखलं.

"मर्चंडेबाई, बी प्रॅक्टिकल. दोन्ही वेळा आपण चाचणी घेतली. छोटा फॉर्म भरायचा, संपलं."

"साहेब, चाचणी एक सेकंदाची असते. ही नऊची आहे."

"मग दीर्घ चाचणी लिहा."

"आणि भिवा?"

"भिवाचा पाय घसरला. त्याने स्वतः डॉक्टरांना सांगितलंय."

"आणि डायरी?"

"डायरीत नजरचूक झाली म्हणा."

"साहेब, एकोणीस वर्षांत चष्म्याचा नंबर वाढला, नजर चुकली नाही."

साहेब उठले. दुपारी मोठ्या साहेबांचं बोलावणं. मोठे साहेब म्हणजे मनमोहन साहेब, आमच्या आत्याचे वरिष्ठ निरीक्षक. ते कधीच वाक्य पुरं करत नाहीत. घरी मी त्यांची नक्कल करते तेव्हा बाबांचा चहा नाकातून येतो. "बाई, ते जरा... म्हणजे मुलगा नवीन आहे, घराणं... आणि भिवा आपलाच... काय? तर ते चौदा नंबर वगैरे... समजतंय ना?"

"नाही साहेब. लिहून द्या, म्हणजे समजेल."

लिहून? मोठे साहेब पंख्याकडे बघायला लागले. "दहिसरला म्हणे एक जागा... म्हणजे तुम्हाला वरळीहून जरा..."

आत्या घरी आली ती भांडी आपटतच. आत्या गोष्ट सांगते तेव्हा गोष्टीतले सगळे आत्यासारखेच बोलतात, त्यामुळे मला मध्ये मध्ये आवाज दुरुस्त करावे लागतात. मी मनमोहन साहेबांचं "काय? तर ते..." केलं, तर ती ओरडली, "नम्रता! तुझं नाव ठेवणाऱ्याला आधी आत टाकायला पाहिजे. इथे एका माणसाचा हात मोडलाय आणि कागदावर तो पडलेलाच नाही." तेव्हा मला कळलं की आत्याला बदलीची भीती वाटत नाहीये. तिला भीती आहे ती भिवाची नोंद पुसली जाण्याची.

फॉर्म भरायचं तिने ठरवलं. मोठाच. तेरा रकाने झाले. चौदाव्याला गाडी अडली. तिने मुख्यालयात फोन लावला. तिथे दीपिका मॅडम आहेत. त्यांचा आवाज गुलाबजामच्या पाकासारखा, आणि प्रत्येक वाक्याला शेपटीला 'ना'.

"मॅडम, चौदा रिकामा ठेवला तर सिस्टिम पुढे घेत नाही ना."

"प्रतिकार नव्हता तर काय भरू?"

"काहीतरी तर करत असेल ना तो?"

"माळ घालत होता."

"कोणाला?"

"करंटला."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग : "म्हणजे साधनाच्या दिशेने चाल करून आला, असं धरायचं का?"

"झेंडूची माळ घेऊन?"

"अंगावर धावून येणे टाकून देऊ या ना मॅडम. जवळचं तेच आहे."

"अहो, तो वाकला होता! 'इतर' असा पर्याय नाही का तुमच्याकडे?"

"होता ना. काढून टाकला. सगळे जण 'इतर'च भरत होते."

आत्याने फोन ठेवला. शिवा सांगतो की पुढच्या दहा मिनिटांत तक्रार द्यायला आलेला एक इसम तिचा चेहरा बघून परत गेला.

संध्याकाळी ती फाटकाबाहेर भिवाच्या टोपलीशी थांबली. सुनंदा ओवत होती, भिवा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन कुरकुरत होता. "गाठ सैल! सैल मारतंस तू. हार अर्ध्या वाटेर सुटतलो."

"तुमच्या हातान मारा मग गाठ," सुनंदा म्हणाली.

आत्याला बघून भिवाने आवाज खाली आणला. "बाय, माझा नाव लिवू नको गे. बावीस वर्सा हयसर बसतंय. उद्या टोपली उचलून नेली तर खय जाव?"

"भिवा, तू पडलास की नाही?"

"पडलंय."

"पाय घसरून?"

"सुक्या फरशीर पाय कसो घसरतलो?" भिवाने इकडेतिकडे बघितलं. "पण तू लिवू नको."

"मी लिहिलंय. दसऱ्यालाच लिहिलंय. ते आता पुसायला सांगतायत, म्हणून विचारायला आले. तू नको म्हणालास तरी मी डायरी पुसणार नाही. पण मोठा फॉर्म गेला तर तुला बोलावतील, विचारतील. ते तुला झेपणार का, तेवढं सांग."

भिवा झेंडू चिवडत राहिला. सुनंदाने सुई टोपलीत खोचली. "बाय, कपाटाचा दार वाजला तरी हे दचकतत. पेलो धरूक जमना नाय. ह्येंचो हात माका दिसता, तो कागदार दिसाक नको? लिव तू."

भिवा बायकोकडे बघत म्हणाला, "टोपली गेली तर तू बघ."

"बघतंय."

"मग लिव," भिवा आत्याला म्हणाला. "पण नीट लिव."

आत्याने काय केलं, तर कोरा फॉर्म छापून घेतला आणि शाईने भरला, एकतीसच्या एकतीस. कॉम्प्युटर अडवतो, कागद अडवत नाही. चौदाव्यात लिहिलं : 'प्रतिकार नव्हता. सदर इसम फुले घेऊन आला होता.' शेवटच्या रकान्यांत : 'वापरणाऱ्याने म्हणणे मांडण्यास व सही देण्यास नकार दिला.' आणि फॉर्म टपालाने मुख्यालयाला धाडला.

"परत येणार ना तो?" मी विचारलं.

"येणारच."

"मग?"

"मग काय मग? मुख्यालयात शिंक जरी पोचली तरी तिला आवक नंबर पडतो. परत पाठवली तर जावक नंबर पडतो. एकदा नंबर पडला की तो कागद नव्हताच असं कोणाचा बाप म्हणू शकत नाही."

आठ दिवसांनी फॉर्म परत आला. 'रकाना १४ अपूर्ण. पूर्ततेसाठी परत.' आत्याने पत्र जोडून पुन्हा पाठवला : आपल्या जावक क्रमांक अमुकच्या संदर्भाने कळवण्यात येते की प्रतिकार नव्हता. परत आला. 'पर्यायांपैकी एक निवडावा.' आत्या : आपले जावक क्रमांक अमुक व तमुक यांच्या संदर्भाने पुनश्च कळवण्यात येते की प्रतिकार नव्हता. परत. पुन्हा पाठवला. परत. प्रत्येक वेळी संदर्भाची यादी एका ओळीने वाढायची. पाचव्या पत्राला मजकूर दोन ओळी आणि संदर्भ अर्धं पान. दिवाळी त्यातच गेली. फराळाला बसली तरी आत्या पुटपुटतेय, "पर्यायांपैकी एक निवडावा म्हणे. निवडते! यांच्या टाळक्यात हाणायला एक पर्याय निवडते." बाबा म्हणाले, "अक्का, चकली घे. तिला जावक नंबर नाही."

मी मुख्यालयाचा आवाज काढून म्हटलं, "चकली अपूर्ण. पूर्ततेसाठी परत." त्या दिवशी मात्र आत्या हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

पाचव्या पत्रानंतर कागद इतके झाले की मुख्यालयाला त्यांची फाइल उघडावी लागली. फाइलला पुठ्ठा लागला. आणि पुठ्ठा लागलेली फाइल कारकुनाच्या टेबलावर राहत नाही, वरच्या साहेबांकडे जाते. वरच्या साहेबांनी उघडली, आणि मनमोहन साहेबांना फोन गेला. त्या फोनवर म्हणे मनमोहन साहेबांनी तीन वाक्यं पुरी केली. "हो सर. नाही सर. हो सर."

मग बाईंना बोलावणं. "बाई, हे कागद सारखे परत... म्हणजे आपलं ठाणं असं..."

"साहेब, खोटं भरलं असतं तर एकदाच गेले असते."

दुसऱ्या दिवशी विजयकर साहेब टेबलाशी आले. खुर्ची ओढली नाही. उभेच.

"सही कुठे करायची?"

"एकतीस. त्याआधी एकोणतीस भरा. वापरणाऱ्याचं म्हणणं."

"बाई, मी मुद्दाम नाही केलं. मला खरंच वाटलं की ते रिकामं आहे, नुसती ठिणगी उडते."

"मग तेच लिहा."

त्यांनी लिहिलं. डबी काढलेली असल्याने साधन रिकामे आहे असे वाटले. गंमत म्हणून टेकवले.

"आणि नऊ सेकंद?"

साहेबांचं पेन थांबलं. गिरगावी मराठी, इंग्रजी, सगळं एकदम आटलं. "बोट सुटलं नाही."

"तेही लिहा."

लिहिलं, सही केली, आणि जाताना बाहेर भिवाच्या टोपलीशी थांबले. काय बोलले ते भिवाने कोणाला सांगितलेलं नाही. सुनंदा एवढंच म्हणते की साहेब बराच वेळ उभे होते आणि गिऱ्हाइकं अडली. त्यांची विभागीय चौकशी सुरू आहे. सुरूच आहे. भिवाला एकदा बोलावलं, जबाब झाला, टोपली जागेवर आहे. आत्याच्या बदलीचा कागद अजून आलेला नाही. आला की आत्या त्यालाही आवक नंबर देणार.

जानेवारीत दीपिका मॅडमचा फोन. "मॅडम, खुशखबर आहे ना! चौदामध्ये पाचवा पर्याय टाकला. 'प्रतिकार नाही'. तुमच्या फाइलमुळेच ना!"

आत्याला वाटलं, जिंकलो. मग तिने विचारलं, "आणि तो निवडला की काय होतं?"

"पुढचे सतरा रकाने लगेच उघडतात ना."

"लगेच?"

"एकदम स्मूथ."

"अहो बाई!" आत्या ओरडली. एकोणीस वर्षांत आत्या टेबलावरून ओरडल्याची ही पहिलीच नोंद, आणि ती डायरीत नाही. "प्रतिकार केला नाही तरी माणसाला झटका दिला, आणि तुमची मशीन गुपचूप पुढे जाते? तिथे तर गाडी अडायला पाहिजे! तिथे घंटा वाजायला पाहिजे!"

"घंटेचा पर्याय सिस्टिममध्ये नाही ना मॅडम."

आत्याने त्याच दिवशी नवं पत्र लिहिलं : पाचवा पर्याय निवडल्यास चौकशी आपोआप सुरू व्हावी, ही विनंती. ते आतापर्यंत दोनदा परत आलंय. 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत नाही.' कोणाच्या कक्षेत आहे, असं विचारणारं तिसरं पत्र परवाच गेलं.

पण भिवाचा फॉर्म गेला. चौदाव्यात 'प्रतिकार नाही', खालचे सतरा झटाझट, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आपला अहवाल यशस्वीरीत्या सादर झाला आहे'. आत्याने त्याची प्रत काढली आणि ड्युटी संपल्यावर भिवाला नेऊन दिली. तिला घ्यायला मी फाटकाशी उभी होते, त्यामुळे हे तरी मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

भिवाचं प्लास्टर निघालं होतं. बोटं अजून ताठ. माळ सुनंदाच ओवत होती. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला.

"माझा नाव खय आसा?"

आत्याने बोट ठेवलं. भिवाने स्वतःचं नाव दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग बोट खाली सरकवत सरकवत सगळा कागद वाचला. कुठे लागला, किती वेळ, कोणाच्या हातून. सुनंदा सुई थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बरा लिवलंस," तो म्हणाला. मग बोट परत वर गेलं. "पण ह्या काय? वय साठ?"

"इस्पितळाच्या कागदावर साठ होतं."

"माझा वय अठ्ठावन. तुम्ही माका फुकट म्हातारो केलास!"

"भिवा!" आत्याने कपाळावर हात मारला. "चार महिने, पाच पत्रं, एक पुठ्ठ्याची फाइल, आणि तुला दोन वर्षं खटकतायत?"

"नीट लिव म्हणून सांगितलंय मी. सांगितलंय का नाय गो?"

"सांगितल्यात," सुनंदा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

आत्याने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. रागारागाने पर्स उघडली, चष्मा चढवला, टोपलीतले झेंडू बाजूला सारून कडेवर कागद पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. "आता दुरुस्तीचा अर्ज. सांग जन्मतारीख."

"तारीख कोणाक म्हायती? आवस सांगायची, भाताची कापणी चललली, आणि आमचो बैल हरवललो..."

आत्याने पेन टेकवलं.

"हं, पुढे."